ना पगार, ना शिक्षा: विद्यापीठात शिकताना नेतृत्वकौशल्ये कशी घडवावीत

विद्यार्थी मंडळाचे अध्यक्षपद, गटप्रकल्पाचे समन्वयन किंवा वार्षिक महोत्सवातील एखाद्या विभागाची जबाबदारी स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या सहकाऱ्यांना पगार देता येत नाही, त्यांची बढती रोखता येत नाही आणि त्यांना कामावरून काढूनही टाकता येत नाही. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एका माणसाचा दुसऱ्यावर प्रभाव पडण्याची पाच कारणे मांडली होती: बक्षीस देण्याची क्षमता, शिक्षा करण्याची क्षमता, पदामुळे मिळालेला अधिकार, विषयातील जाणकारी, आणि त्या माणसाबद्दल वाटणारा आदर किंवा आपलेपणा. विद्यार्थी नेत्याकडे यांपैकी पहिली दोन जवळजवळ नसतात आणि तिसरे नावापुरते असते, कारण त्याचे पद समवयस्कांनीच थोड्या काळासाठी दिलेले असते. हाताशी उरतात ती जाणकारी आणि विश्वास ही दोनच साधने. ही उणीव वाटली तरी शिकण्याच्या दृष्टीने ती मोठी सोय आहे. अधिकाराचा धाक दाखवून काम उरकण्याचा मार्गच बंद असल्यामुळे माणसांकडून काम कसे होते हे नीट समजून घ्यावे लागते.

नेतृत्व हा काही जणांचा उपजत गुण असतो, ही समजूत घेऊन अनेक विद्यार्थी सुरुवातीलाच मागे राहतात. राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा काही ठरावीक गुण अंगी आहेत म्हणून कोणी सर्व परिस्थितींत नेता ठरतो असे त्यांना दिसले नाही. नेतृत्वाचा संबंध त्या त्या गटाच्या गरजांशी आणि परिस्थितीशी जास्त होता. म्हणून या लेखात स्वभाव कसा बदलावा याची चर्चा नाही. कोणत्या टप्प्यावर काय करावे, आणि ते का करावे, एवढेच येथे सांगितले आहे.

पहिली जबाबदारी कोणती घ्यावी

पहिल्या वर्षी पाच मंडळांचे सदस्यत्व घेणारा विद्यार्थी सगळीकडे ओळखीचा होतो, परंतु कोठेही त्याच्यावाचून काही अडत नाही. त्यापेक्षा एकच ठिकाण निवडावे आणि तेथे किमान दोन सत्रे टिकून राहावे, कारण आपल्या निर्णयांचे परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतोच. ठिकाण ठरल्यावर लगेच सर्वोच्च पदाच्या मागे लागू नये. सचिव, खजिनदार किंवा स्वयंसेवकांचा समन्वयक या जागांवर शिकायला अधिक मिळते, आणि बहुतेक वेळा त्यांच्यासाठी स्पर्धाही कमी असते.

एखादे काम स्वीकारण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न लावून पाहावेत. ते दुसऱ्या माणसांकडून करून घ्यावे लागणार आहे का? त्याला ठरलेली तारीख आणि उघड दिसणारा निकाल आहे का? आणि ते फसले तर सावरता येईल इतके लहान आहे का? समाजमाध्यमांवर मजकूर टाकण्याचे काम एकट्याने करायचे असेल तर ते उपयुक्त असले तरी त्यातून नेतृत्वाचा सराव होत नाही. उलट चार जणांचा प्रयोगशाळेतील प्रकल्प, परीक्षेआधीचा अभ्यासगट किंवा क्रीडासंघाच्या एका दौऱ्याची व्यवस्था यांत हे तिन्ही निकष पूर्ण होतात, आणि त्यांसाठी निवडणूकही लढवावी लागत नाही.

होकार देण्याआधी तीन माणसांशी बोलावे: त्या जागेवर आधी काम केलेल्या विद्यार्थ्याशी, ज्यांच्या सहीशिवाय परवानगी मिळत नाही त्या प्राध्यापकांशी किंवा कर्मचाऱ्यांशी, आणि मध्येच काम सोडून गेलेल्या एखाद्या सदस्याशी. यांतील तिसरे संभाषण बहुतेक जण टाळतात, आणि सर्वांत उपयोगी माहिती तेथेच मिळते. तो सदस्य का गेला, कोणत्या आठवड्यात गेला आणि जाताना त्याला कोणी विचारले का, या तीन उत्तरांतून त्या मंडळाचा कारभार बराचसा कळून येतो.

काम हाती आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जाणकारी मिळवण्यात घालवावेत. सभागृह किती दिवस आधी मागावे लागते, अर्ज कोणाकडे जातो, केलेला खर्च परत कसा मिळतो, सुट्टीच्या दिवशी इमारत कोण उघडते, यांची एका पानाची नोंद तयार करावी. हे कंटाळवाणे काम आहे हे खरे, पण ज्याला या गोष्टी माहीत असतात त्याच्याकडे लोक आपोआप विचारायला येतात, आणि वर सांगितलेल्या पाच कारणांपैकी चौथे येथेच हाती येते.

माणसे मोजकी, कामे नावानिशी

गट जितका मोठा तितके काम जास्त, असे वाटणे स्वाभाविक आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा वाटा तो एकटा असताना लावत असलेल्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर येत होता. याचा काही भाग एकमेकांशी मेळ न बसल्यामुळे होता. मात्र १९७९ मध्ये बिब लाटाने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर केलेल्या प्रयोगांत आपण गटात आहोत एवढ्या समजुतीनेही माणसे कमी जोर लावतात असे आढळले. याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगांतून त्यावरचा उपायही समोर आला: प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येतो असे सहभागींना सांगितले की ही ढिलाई नाहीशी झाली.

गट वाढला की संपर्काचे ओझेही वाढते, आणि त्याचे गणित सोपे आहे. पाच जणांत परस्परसंवादाच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि पंधरा जणांत १०५. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या अनुभवावरून असे मांडले होते की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो. कार्यक्रमाला चार दिवस उरलेले असताना वीस नवे स्वयंसेवक गोळा करणाऱ्या आयोजकांची नेमकी हीच गत होते. म्हणून निर्णय घेणारा मुख्य गट चार ते सहा जणांचा ठेवावा आणि बाकीच्यांना स्पष्ट सीमा असलेली उपकामे द्यावीत.

कामांचा एक तक्ता करावा आणि तो सर्वांना दिसेल असा ठेवावा. त्यात प्रत्येक कामासमोर एकच नाव, एकच तारीख आणि काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे याचे एक वाक्य असावे. "प्रसिद्धीचे बघणे" हे काम नव्हे. "मंगळवारी सायंकाळी सहापर्यंत पोस्टरचा अंतिम मसुदा मुख्य गटाला पाठवणे" हे काम आहे. दोघांनी मिळून करायचे असले तरी उत्तर देणारा एकच असावा. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी त्या वेळात ३१ टक्केच उठले. माणसाच्या जिवाचा प्रश्न वाटत असताना जर असे होते, तर ग्रुपवर टाकलेल्या "कोणीतरी उद्या खुर्च्यांचे बघा" या मेसेजला उत्तर येत नाही याचे नवल वाटू नये. नाव घेऊन विचारावे, आणि शक्यतो ग्रुपवर न विचारता थेट त्या व्यक्तीला विचारावे.

कोणाला कोणते काम द्यायचे हे ठरवण्यापूर्वी प्रत्येकाशी पंधरा मिनिटे बोलून त्याला या वर्षात काय शिकायचे आहे ते विचारावे. पगार नसलेल्या ठिकाणी माणूस शिकण्यासाठी, सोबतीसाठी, ओळख मिळावी म्हणून किंवा कामाचा हेतू पटला म्हणून येतो, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. ज्याला सोबत हवी आहे त्याला एकट्याने बसून करायचा हिशेब दिला तर तो महिन्याभरात दिसेनासा होईल. त्याचबरोबर टिपणे काढणे, खोली आवरणे, आठवणीचे फोन करणे अशी कोणाच्या डोळ्यांत न भरणारी कामे प्रत्येक वेळी त्याच दोघींच्या वाट्याला तर जात नाहीत ना, याकडेही लक्ष ठेवावे. ही कामे पाळीपाळीने फिरवण्याचा नियम पहिल्याच बैठकीत करून टाकलेला बरा.

बैठक

विद्यार्थी मंडळांचा सर्वाधिक वेळ बैठकांत जातो आणि सर्वांत कमी विचार बैठकांच्या रचनेवर होतो. केवळ माहिती द्यायची असेल तर बैठक बोलावू नये, मेसेज पुरतो. बैठक निर्णयासाठी असते, म्हणून विषयपत्रिकेतील प्रत्येक विषय प्रश्नाच्या स्वरूपात लिहावा. "कार्यशाळा" असे लिहिण्याऐवजी "कार्यशाळा एक दिवसाची ठेवावी की दोन दिवसांची?" असे लिहिले की येणारा माणूस उत्तराचा विचार करूनच येतो. निर्णय कसा होणार, म्हणजे मतदानाने, सर्वांच्या संमतीने की सर्वांचे ऐकून जबाबदार व्यक्ती ठरवणार, हेही चर्चेपूर्वीच सांगून टाकावे. हे न सांगता सर्वांची मते मागायची आणि मग स्वतःला हवे तेच करायचे, हा विश्वास गमावण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे.

आता बैठकीच्या आत काय घडते ते पाहू. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांच्या चार-चार जणांच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करायला सांगितली. सर्व माहिती सर्वांना दिली तेव्हा बहुतेक गटांनी सर्वांत योग्य उमेदवार निवडला. पण त्याच उमेदवाराच्या जमेच्या बाजू चौघांत विखरून दिल्या, म्हणजे प्रत्येकाकडे त्यांतील थोड्याच ठेवल्या, तेव्हा गटांनी चर्चा बहुधा सर्वांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवर केली आणि कमी योग्य उमेदवार निवडला. चौघांची माहिती एकत्र केली असती तर योग्य उत्तर त्यांच्याच हातात होते. ज्याच्याकडे वेगळी माहिती आहे तो गप्प राहतो, याला बहुमताचा दाबही कारणीभूत असतो. सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्यासारख्या साध्या गोष्टीतही सुमारे एक तृतीयांश वेळा सहभागींनी डोळ्यांदेखत चुकीचे असलेले बहुमताचे उत्तर दिले. मात्र वेगळे बोलणारा एक जरी जोडीदार मिळाला तरी हे प्रमाण पुष्कळ खाली आले.

यावरून बैठक चालवणाऱ्याने पुढील पद्धत ठेवावी. प्रश्न मांडल्यावर लगेच चर्चा सुरू करू नये. दोन मिनिटे प्रत्येकाला आपले मत कागदावर किंवा फोनवर लिहू द्यावे. मग सर्वांत नव्या सदस्यापासून बोलायला सुरुवात करावी आणि स्वतः सर्वांत शेवटी बोलावे. "तुमच्या विभागाला माहीत आहे पण आम्हाला माहीत नसेल असे यात काही आहे का?" हा प्रश्न नाव घेऊन एकेकाला विचारावा. सर्वांचे फारच चटकन एकमत झाले तर एका सदस्यावर विरुद्ध बाजू मांडण्याचे काम सोपवावे. बैठक संपल्यावर त्याच रात्री इतिवृत्त पाठवावे. इतिवृत्त म्हणजे कोण काय बोलले याची नोंद नव्हे; काय ठरले, कोण करणार आणि केव्हापर्यंत, एवढ्या तीन रकान्यांत ते बसते. दोन दिवसांनी पाठवलेले इतिवृत्त कोणी वाचत नाही, आणि तोवर प्रत्येकाच्या मनात बैठकीची वेगळी आठवण तयार झालेली असते.

वेळेचा अंदाज

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले होते की कामाला लागणारा वेळ माणसे सातत्याने कमी धरतात. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर विद्यापीठातील विद्यार्थ्यांनाच आपला प्रबंध केव्हा पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. सगळे काही शक्य तितके वाईट झाले तर किती दिवस लागतील, या प्रश्नावरही त्यांनी दिलेला सरासरी आकडा सुमारे ४९ होता, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा तोही कमीच.

याचा अर्थ असा की अंदाज करताना मनाला विचारू नये, मागच्या वर्षाच्या कागदांना विचारावे. मागच्या वेळी परवानगीचा अर्ज केव्हा दिला आणि ती केव्हा मिळाली, वक्त्याचा होकार किती दिवसांनी आला, छपाई केव्हा हाती पडली, या खऱ्या तारखा काढाव्यात आणि त्यांवरून वेळापत्रक बांधावे. ते बांधताना कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजत यावे. मुख्य गटातील प्रत्येकाच्या परीक्षांच्या आणि प्रकल्प सादर करण्याच्या तारखा त्याच वेळापत्रकावर पहिल्याच दिवशी मांडाव्यात. विद्यार्थी मंडळांची कामे रखडतात ती बहुधा याच आठवड्यांत, आणि या तारखा तर सर्वांना सत्राच्या सुरुवातीपासून माहीत असतात.

वेळापत्रक तयार झाल्यावर अर्धा तास एक व्यायाम करावा. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये त्याची मांडणी केली होती. सर्वांनी असे गृहीत धरायचे की कार्यक्रम होऊन गेला आणि तो पूर्णपणे फसला. मग प्रत्येकाने तो का फसला याची कारणे लिहून काढायची. "काही शंका आहेत का?" असे विचारल्यावर जे सदस्य माना हलवून गप्प बसतात तेच या व्यायामात धडाधड कारणे लिहितात, कारण येथे शंका काढणे म्हणजे उत्साहावर पाणी ओतणे ठरत नाही. त्या यादीतील वरच्या तीन कारणांसाठी तक्त्यात तीन नवी कामे घालावीत.

काम न करणाऱ्या मित्राशी बोलणे

विद्यार्थी नेत्याला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यातूनच तो सर्वांत जास्त शिकतो. ज्याच्याबरोबर रोज वर्गात बसायचे, सायंकाळी फिरायला जायचे, त्यालाच "तुझे काम झाले नाही" असे सांगायचे असते. बहुतेक कष्टाळू विद्यार्थी येथे एक सोपी वाट धरतात: रात्री जागून ते काम स्वतःच करून टाकतात. वरवर हे मोठ्या मनाचे वाटते, परंतु त्यामुळे तारखा खऱ्या नसतात हे संपूर्ण गट शिकतो, त्या मित्राला काहीच कळत नाही, आणि नेत्याच्या मनात साचलेला राग पुढे भलत्याच क्षणी सर्वांसमोर बाहेर पडतो. कार्यक्रम उद्यावर आला असेल तर काम करून मोकळे व्हावे हे ठीक. इतर वेळी बोलणेच योग्य.

बोलण्यापूर्वी स्वतःची बाजू तपासावी. तक्त्यात त्याचे नाव, तारीख आणि कामाचे वाक्य स्पष्ट होते का? त्याला लागणारी माहिती किंवा परवानगी आपल्याकडूनच अडली होती का? उत्तर समाधानकारक असेल तर तारीख चुकल्यापासून दोन दिवसांच्या आत, एकांतात आणि प्रत्यक्ष भेटून बोलावे. ते शक्य नसेल तर फोन करावा. ग्रुपवर एक अक्षरही लिहू नये, टोमणा तर नाहीच.

पहिले वाक्य घडलेल्या गोष्टीबद्दल असावे, स्वभावाबद्दल नव्हे. "तू कधी काही गंभीरपणे घेतच नाहीस" असे म्हटले की संभाषण संपते आणि भांडण सुरू होते. त्याऐवजी असे म्हणता येईल: "प्रायोजकांना पाठवायचे पत्र शुक्रवारी जायचे ठरले होते, ते अजून गेलेले नाही, त्यामुळे पुढच्या दोघांची कामे थांबली आहेत. काय झाले?" एवढे बोलून थांबावे. हे थांबणे कठीण असते, कारण शांतता असह्य होऊन आपणच त्याच्या वतीने सबबी पुरवू लागतो. त्याला बोलू द्यावे. कारण काहीही निघू शकते: काम कसे करायचे तेच माहीत नव्हते आणि विचारायची लाज वाटली, अभ्यासाचा ताण आला, कोणाशी बिनसले, किंवा मुळात या कामात रसच उरलेला नाही.

त्यानंतर तीन पर्याय मोकळेपणाने मांडावेत. तेच काम नव्या तारखेला करणे, त्याचा लहान भाग ठेवून बाकीचे दुसऱ्याला देणे, किंवा या वेळेपुरते बाजूला होणे. तिसरा पर्याय खरोखर सन्मानाने दिला पाहिजे: "आता जमत नसेल तर तसे सांग, आपल्या मैत्रीचा याच्याशी काही संबंध नाही, फक्त आज सांगितलेस तर मला दुसरी सोय करता येईल." जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून त्याला पाठवावे. तेच पुन्हा घडले तर दुसऱ्या वेळी चर्चा लांबवू नये. काम शांतपणे काढून घ्यावे, आणि ते काढून घेतले आहे हे त्यालाच सर्वांत आधी सांगावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. समोरचा विद्यार्थी खरोखर मोठ्या मानसिक किंवा कौटुंबिक अडचणीत आहे असे दिसले तर कामाचा विषय तेथेच मिटवावा, त्याच्यावरचा भार उचलावा आणि विद्यापीठाची समुपदेशन सेवा असेल तर त्याला तेथपर्यंत पोहोचायला मदत करावी. नेता हा समुपदेशक नसतो, आणि तसे होण्याचा प्रयत्न केल्यास दोघांचेही नुकसान होते.

वाद, वाईट बातमी आणि अभिप्राय

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये लहान गटांच्या वाटचालीचे चार टप्पे सांगितले: एकत्र येणे, खटके उडणे, रीत बसणे आणि काम वेग घेणे. सुरुवातीची गोडी ओसरून पहिले भांडण झाले की नवा नेता गट मोडला असे समजून घाबरतो. पण त्यातून कामाची रीत ठरत असेल तर तो वाटेतला टप्पाच असतो. त्या भांडणात कामाबद्दलचा मतभेद कोणता आणि माणसांबद्दलचा राग कोणता, हे वेगळे करून पहिल्याची चर्चा बैठकीत घ्यावी आणि दुसऱ्याची त्या दोघांबरोबर बंद दाराआड.

वाईट बातमी आपल्यापर्यंत किती लवकर पोहोचते, ही नेतृत्वाची माझ्या मते सर्वांत खरी परीक्षा आहे. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना एक कोड्यात टाकणारी गोष्ट आढळली होती, आणि ती त्यांनी १९९६ मध्ये मांडली: चांगल्या नेतृत्वाच्या गटांत औषधे देण्यातील चुकांची नोंद कमी नव्हती, उलट जास्त होती. तेथे चुका अधिक होत होत्या असे यावरून समजू नये. त्या सांगण्याची भीती कमी असल्याने त्या अधिक नोंदल्या जात होत्या, असा याचा अर्थ लावला गेला. विद्यार्थी मंडळात हीच गोष्ट पहिल्या वाईट बातमीच्या वेळी ठरते. सभागृहाचे आरक्षण रद्द झाले असे एखादी सदस्य सांगू लागते आणि तुमचा चेहरा बदलतो, आवाज चढतो. पुढची बातमी मग कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीच कळते. "आजच सांगितलेस हे बरे झाले, आता आपल्याकडे कोणते मार्ग आहेत?" एवढे म्हणायला सवय लागते, म्हणून ती लहान गोष्टींपासून लावून घ्यावी.

अभिप्राय देण्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. ॲव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावल्याचे दिसले. आणि लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःकडे वळते तेव्हा अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून स्तुती असो वा टीका, ती कामाला चिकटलेली असावी. "तू फार हुशार आहेस" यापेक्षा "नोंदणीची रांग तू दोन भागांत केलीस, त्यामुळे दारात गर्दी झाली नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याला पुढच्या वेळीही उपयोगी पडते.

स्वतःबद्दलचा अभिप्राय मात्र मागून घ्यावा लागतो, कारण मित्र तो आपणहून देत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमानंतर तीन जणांना वेगवेगळे गाठून विचारावे: "पुढच्या वेळी मी कोणती एक गोष्ट करू नये?" उत्तर ऐकताना खुलासा करू नये, लिहून घ्यावे आणि आभार मानावेत. तिघांपैकी दोघांनी तेच सांगितले तर ते खरे मानून चालावे. याच वहीत प्रत्येक महत्त्वाचा निर्णय, तो घेतानाची अपेक्षा आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले, हेही दोन-दोन ओळींत नोंदवत जावे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत नेतृत्वाचा अनुभव विचारला जातो तेव्हा पदांच्या यादीपेक्षा या नोंदींतले एक उदाहरण अधिक बोलके ठरते.

भाषण, पैसा आणि अभ्यास

नेतृत्वाच्या बहुतेक शिबिरांत भाषणकलेला अवाजवी महत्त्व दिले जाते. भाषण करता यावे हे खरे, पण त्यासाठी लागतो तो नियमित सराव आणि नेमका अभिप्राय. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेच्या सभांत वेळ मोजणारा, अडखळताना तोंडी येणारे निरर्थक शब्द मोजणारा आणि भाषणाचे मूल्यमापन करणारा, अशी कामे सदस्यांनाच वाटून दिलेली असतात. चार मित्र मिळून आठवड्यातून एक तास हेच करू शकतात.

पैशाच्या बाबतीत सैलपणा नको. मंडळाचे पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नयेत, प्रत्येक खर्चाला दोघांची मान्यता असावी, पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी सामायिक फोल्डरमध्ये जावे, आणि कार्यक्रमानंतर जमाखर्च सर्व सदस्यांना न मागता पाठवावा. हिशेबाबद्दल शंका आली की आरोप सिद्ध होवो वा न होवो, वर्षभराचा विश्वास जातो.

अभ्यासाचे तास आठवड्याच्या आराखड्यात आधी घालावेत आणि मंडळाचे नंतर. परीक्षेच्या काळात आपली जबाबदारी कोण सांभाळणार हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरवून त्या व्यक्तीला तसे सांगावे. आपल्या गैरहजेरीत काम चालते का, हे पाहण्याची ती चांगली संधीही आहे.

जबाबदारी सोपवणे

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदगटांना वेगवेगळ्या पद्धतींचे नेते दिले होते. हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटातील काम मंदावत असे. मुलांना निर्णयात सामील करून घेणाऱ्याच्या गटात ते बरेचसे चालूच राहत असे. विद्यार्थी मंडळात तर नेता वर्षाअखेर खोलीबाहेर जाणारच असतो. तरीही बहुतेक मंडळे दरवर्षी शून्यापासून सुरुवात करतात, कारण मागच्यांनी मागे काहीच ठेवलेले नसते.

म्हणून मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी पुढची माणसे हेरावीत आणि त्यांना एका लहान कार्यक्रमाची संपूर्ण जबाबदारी द्यावी. त्या वेळी तुम्ही उपस्थित राहावे, विचारल्यास सांगावे, पण हात घालू नये; तुमच्या पद्धतीपेक्षा वेगळ्या पद्धतीने काम होत असेल आणि त्यातून कोणाचे नुकसान होणार नसेल तर ते तसेच होऊ द्यावे.

सोबत एक हस्तांतरण-टिपण लिहावे. त्यात सुरुवातीला केलेली नियमांची एका पानाची नोंद सुधारून घालावी. तिच्यापुढे वर्षभराच्या कामांच्या खऱ्या तारखा, खर्चाचे खरे आकडे, कोणते काम कोणत्या कार्यालयात अडले आणि ते कसे सुटले, ज्यांनी मदत केली त्यांची नावे, आणि आपण करून पाहिलेल्या पण न जमलेल्या गोष्टी त्यांच्या कारणांसह लिहाव्यात. शेवटचा भाग लिहायला जिवावर येते, पण नव्या गटाला नेमका तोच वाचवतो. खाती आणि पासवर्ड कोणाच्या फोनशी किंवा खासगी ई-मेलशी जोडलेले आहेत ते तपासून सर्व काही मंडळाच्या सामायिक पत्त्यावर आणावे, आणि नव्या पदाधिकाऱ्यांकडून ते आपल्यासमोर एकदा उघडून पाहून घ्यावे.

पद सोडल्यावर बैठकांना जाणे थांबवावे आणि मंडळाच्या मुख्य ग्रुपमधून बाहेर पडावे. नव्या अध्यक्षाने फोन केला तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, न विचारलेल्याचे देऊ नये. पहिल्या तीन महिन्यांनंतर मात्र एकदा त्यांच्याकडेच वेळ मागून आपल्या टिपणातील कोणता भाग उपयोगी पडला आणि कोणता चुकीचा निघाला, हे विचारून घ्यावे आणि टिपणात तशी दुरुस्ती करून द्यावी.